पॅलेटवर कुणाचं नाव नसतं

घरात लाकडाचं काम करणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक भुसा आणि दुसरे किस्से. भुसा मी रोज झाडते, तरी सासूबाईंना तो पोळ्यांच्या डब्यात सापडतोच. किस्से झाडता येत नाहीत, ते कुणाला तरी सांगूनच मोकळं व्हावं लागतं. म्हणून आज तुम्ही सापडलात!

मी वैशाली. घणसोलीत तळमजल्यावर आमचा फ्लॅट. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची खोली मी दुसऱ्याच दिवशी बळकावली. तिथे आता कॉट नाही, टेबल आहे, कापायचं मशीन आहे, आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्या. नेमप्लेट, फोटोफ्रेम, बारशाच्या पाट्या, निरोप समारंभाची घड्याळं, असलं सगळं मी लाकडात करून देते. नाव घालून. या 'नाव घालून'मध्येच सगळी गोम आहे.

त्याआधी अकरा वर्षं मी पावणे गावात एका कारखान्यात होते. माल ठेवायची लाकडी पॅलेटं बनायची तिथे आणि ती तपासणं हे माझं काम. पॅलेट म्हणजे काय गुणी वस्तू! चौकोनी, मुकी, खिळे नीट बसले की झालं. पॅलेटवर कुणाचं नाव नसतं. पॅलेट कुणाला सरप्राइज द्यायचं नसतं. आणि पॅलेट कधी फोन करून 'ताई, थोडं अजून क्यूट करा ना' असं म्हणत नाही.

तर तिथल्या साहेबांनी मला परत बोलावलंय. 'सोमवारी अकराला फोन करतो, हो की नाही ते पक्कं सांगा,' म्हणाले. आज सोमवार. आत्ता साडेनऊ वाजलेत. हो म्हटलं तर ही खोली बंद, मशीन विकायचं. नवरा द्रोणागिरीला गोदामात मॅनेजर आहे. तो म्हणतो, "तुझं तू ठरव." म्हणजे उद्या काही बिघडलं तर बोलायला मोकळा! सासूबाई म्हणतात, "जा बाई तू. निदान पोळ्या तरी बिनभुशाच्या मिळतील."

अकराच्या आत ठरवायचंय. हाताने काम चालू आहे आणि डोक्यात एकेक गिऱ्हाईक येऊन बसतंय.

*

वाशीचे एक गृहस्थ. दोन्ही मुलींना भेट म्हणून दोन ट्रे हवे होते, नावं कोरलेले. पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅडम, सागवानच पाहिजे. ओरिजिनल! प्लायबिय मला चालणार नाही."

मी चांगलं जुनं सागवान शोधून आणलं. ट्रे असे झाले की मलाच द्यावेसे वाटेनात. दोन दिवसांनी हे ट्रे घेऊन परत दारात.

"मॅडम, यात रेघा आहेत."

"त्या लाकडाच्याच आहेत."

"ते कळलं हो. पण पॉलिशने जात नाहीत का?"

मी म्हटलं, झाड जसं वाढतं तशा रेघा पडतात. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं समजलं. मग दोन्ही ट्रे शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, "मग दोन्हीत वेगवेगळ्या कशा? पोरी भांडतील हो! हिच्या रेघा तिच्यावर कॉपी-पेस्ट करता येतील का?"

मी कपाळावर हात मारला, त्याचा भुसा अजून भुवईत असेल.

शेवटी त्यांनी बाजारातून दोन ट्रे आणले आणि फक्त नावं कोरायला माझ्याकडे दिले. प्लायचे. वर सागवानाच्या रेघांचा कागद चिकटवलेला. दोन्हीवर अगदी सेम टू सेम रेघा. टेबलावर ठेवून वर मलाच म्हणतात, "बघा मॅडम, याला म्हणतात ओरिजिनल!"

*

सानपाड्याचं एक कुटुंब आहे. आजोबा, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. नवीन घर, दारावर चौघांच्या नावांची पाटी हवी. ऑर्डर एक, पण फोन चार. आजोबांचा फोन, माझं नाव वर. मुलाचा फोन, लोन माझ्या नावावर आहे, माझं नाव वर. सुनेचा फोन, घर मी शोधलं, मग माझं का नाही? नातू म्हणाला, आंटी, सगळ्यांची भांडणं मिटवायची तर माझं टाका वर.

मला वाटलं, आपण किती हुशार! मी नावांच्या चार सुट्या पट्ट्या केल्या. मागे मॅग्नेट. वाटेल तशा लावा, वाटेल तेव्हा बदला. सगळे खूश. पंधरा दिवस शांततेत गेले.

मग आजोबांचा फोन. "सकाळी फिरायला निघतो तेव्हा माझं नाव वर असतं. दूध घेऊन परत येतो तर सगळ्यात खाली!" दुपारी सुनेचा फोन. "ताई, काल दिवसभरात नऊ वेळा पट्ट्या हलल्या. मी मोजल्यात." कुरियरवाला एकदा दार चुकलं समजून खाली निघून गेला म्हणे.

"मग काय करू या?" मी विचारलं.

"त्याला कुलूप बसवता येईल का?" आजोबा म्हणाले. "आणि किल्ली एकच करा. ती माझ्याकडे द्या. घरात बोलू नका."

संध्याकाळपर्यंत उरलेल्या तिघांचेही फोन आले. शब्दन् शब्द तोच!

*

सासूबाई मदत करतात, हे मी आधीच कबूल करते. दार उघडतात, चहा देतात, माणसं बसवून ठेवतात. फक्त त्यांना बोलू द्यायचं नसतं.

एक जोडपं आलं होतं, लग्न ठरलेलं. मुलगी फ्रेमवरून हात फिरवत म्हणाली, "आजी, ही टिकेल ना खूप वर्षं?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, हल्लीच्या लग्नापेक्षा जास्त टिकते!"

जोडपं चहा अर्धा टाकून गेलं. सासूबाई अजून विचारतात, "काय खोटं बोलले मी?"

*

लग्नावरून आठवलं. ऐरोलीच्या एका काकूंच्या मुलीचं लग्न होतं. हॉलच्या दारात लावायला मोठी पाटी हवी होती, नवरा-नवरीची नावं, भोवती वेल, खाली तारीख. मी अक्षरं कापून, घासून, चिकटवून ठेवली होती. लग्नाला बारा दिवस असताना काकूंचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

"वैशालीताई, पाटीचं काम थांबवा. मोडलं."

मला खरंच वाईट वाटलं. त्या वेलीवर मी दोन दिवस घालवले होते, पण त्याचं काही नाही. पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. म्हटलं, "काकू, पाटीचं अजिबात मनावर घेऊ नका. तिला सांभाळा." फोन ठेवून मी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी देवापुढे दिवा लावला.

चौथ्या दिवशी परत फोन. आवाज टणटणीत.

"ताई, मुलाचं नाव तेवढं बदला हो!"

मला आधी कळेचना. मग म्हटलं, "बरं बरं, अभिनंदन! आणि तारीख कोणती घालू?"

"अहो तारीख तीच! हॉल बुक आहे ना!"

*

आता बैल.

घणसोली गावातले एक शेठ आहेत, जनूशेठ. जुने जमीनवाले, आता चार इमारती आहेत, पण जीव सगळा शर्यतीच्या बैलावर. नव्या बंगल्याच्या हॉलात बैलाचा मुखवटा लावायचा होता, लाकडात कोरलेला, खाली नाव 'सरजा'. मी म्हटलं, समोरून आणि बाजूने असे दोन चांगले फोटो पाठवा. फोटो काही येईनात. दोन वेळा आठवण केली. "पाठवतो, पाठवतो" करत आठवडा गेला.

एका सकाळी फोनवर सोसायटीच्या गेटचं ॲप वाजलं. व्हिजिटर आलाय, परवानगी द्या. नाव: सरजा. कामाचं स्वरूप: ऑर्डर.

मी कणकेच्या हाताने 'अलाऊ' दाबलं! माझ्या डोक्यात कुरियर.

पाच मिनिटांत खिडकीबाहेर हे एवढं तोंड. सासूबाई खिडकीत तुळशीला पाणी घालत होत्या, त्या तांब्या टाकून आत पळाल्या. बाहेर जनूशेठ कासरा धरून उभे.

"शेठ, अहो फोटो मागितला होता मी!"

"फोटोत त्याचा रुबाब नाय येत मॅडम. म्हनून त्यालाच आनला. घ्या माप."

घेतलं माप. काय करते! शिलाईचा टेप घेऊन मी पार्किंगमध्ये बैलाची शिंगं मोजतेय आणि वरच्या सगळ्या बाल्कन्या भरल्यात. सेक्रेटरींनी ग्रुपवर मेसेज टाकला, 'सोसायटीच्या पेट पॉलिसीत बैल बसतो का, हे पुढच्या मीटिंगमध्ये ठरवण्यात येईल.'

तीन आठवडे कोरकाम केलं. डोळे, कपाळाचा उतार, शिंगांचा बाक, सगळं मापात. जनूशेठ खूश होऊन घेऊन गेले आणि दोन दिवसांनी मुखवटा काखेत मारून परत हजर.

"काय झालं शेठ?"

"मला आवडला हो. पन गोठ्यात नेऊन त्याला दाखवला ना, त्याने मान फिरवली." आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "सरजाला पसंत नाय. दुसरा करा."

*

तुर्भ्याच्या एका ऑफिसचे साहेब रिटायर होत होते. स्टाफने लाकडी घड्याळ सांगितलं. खाली ओळ, 'साहेब, तुमची उणीव कायम भासेल.' कोरून तयार. तर आदल्या दिवशी फोन, साहेबांना सहा महिने एक्स्टेन्शन मिळालं!

"मॅडम, ती ओळ घासून काढा आणि लिहा, 'साहेब, तुमची साथ अशीच राहो.'"

घासली. नवीन कोरली. सहा महिन्यांनी घड्याळ परत आलं, आता साहेब नक्की जाणार, जुनीच ओळ हवी. घासली, कोरली. चौथ्या दिवशी ऑफिसातला मुलगा दारात, तेच घड्याळ, तोंड पडलेलं.

"परत?" मी विचारलं.

"परत."

मी घड्याळ उजेडात धरून दाखवलं. म्हटलं, "बाबा रे, लाकूड संपत आलंय. अजून एक एक्स्टेन्शन मिळालं तर साहेब या घड्याळातून आरपार दिसतील!"

तो बिचारा म्हणाला, "मॅडम, ओळ राहू द्या. नुसतं 'साहेब' एवढंच ठेवा. पुढचं आम्ही त्या दिवशी तोंडी सांगू."

*

सव्वादहा झाले. शेवटचा सांगते. हा कालचाच.

बारशाच्या पाटीचं एक वेगळंच दुखणं असतं. नाव बारशापर्यंत गुप्त ठेवायचं. घरातल्या आजोबांनासुद्धा माहीत नसतं, पण मला माहीत असतं, कारण कापायचं मलाच असतं. मग कुणाच्या तरी मावश्या आणि काकवा गोड आवाजात फोन करतात, "पहिलं अक्षर तरी सांगा ना!" मी कधीही सांगत नाही. तेवढं एक पथ्य मी पाळते.

खारघरची स्नेहल. मुलीचं बारसं रविवारी, तिथल्याच एका हॉलवर. नाव, इरा. "ताई, कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही." मी शब्द दिला.

चार दिवसांनी उरणकडून एक बाई आल्या, शालनताई. पन्नाशीच्या, अंबाडा, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "भावाच्या मुलीचं बारसं आहे. मी आत्या. नाव ठेवायचा मान माझा. गोदावरी ठेवायचंय, आमच्या आईचं नाव. आई गेली तेव्हा भाऊ सहा वर्षांचा होता, मीच वाढवला त्याला. अजून कुणालाच बोलले नाही. पाटी बघूनच कळू दे सगळ्यांना."

वार विचारला, रविवार. ठिकाण विचारलं, खारघर. हॉल विचारला, आणि माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली.

एक बाळ, दोन पाट्या आणि दोघींना मी शब्द देऊन बसलेली! पावण्याला अकरा वर्षांत एकाही पॅलेटने मला असं कात्रीत पकडलं नव्हतं. स्नेहलला मी आडून विचारलं, "नावाचं आत्याशी बोलणं झालंय ना?" ती म्हणाली, "त्यांच्या हातात ऐनवेळी चिठ्ठी देऊ. त्यांनी नुसतं कानात म्हणायचं, बाकी काय?" शालनताईंना आडून विचारलं, "भावजयीला विचारलंत?" त्या म्हणाल्या, "तिला काय विचारायचं? आत्याच ठेवते नाव."

गोदावरीतली वेलांटी कापताना तीनदा तुटली. मी मशीन बंद करून चक्क रडले. कुणाचं तरी मन मोडणार, आणि ते मोडायचं सामान मी माझ्या हाताने घासून गुळगुळीत करत होते.

शनिवारी दुपारी शालनताई पाटी न्यायला आल्या. इराची पाटी मी टेबलावर जुन्या चादरीखाली झाकून ठेवली होती. पण खुर्चीवर भुसा होता, आणि सासूबाईंना पाहुणीला भुशात बसवणं पटेना. त्यांनी इकडे तिकडे फडकं शोधलं, टेबलावरची चादर ओढली आणि खुर्ची स्वच्छ पुसून दिली.

शालनताई बसल्याच नाहीत. पाटीवर इरा, खाली त्यांच्या भावाचं आणि स्नेहलचं नाव, रविवारची तारीख. त्या वाचत राहिल्या. सासूबाई "चहा टाकते" म्हणून सटकल्या.

मग त्यांनी अक्षराच्या काठावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "इथे हाताला लागतंय."

"घासायचं राहिलंय अजून."

"बाळाच्या खोलीत लागणार ना? टोचेल तिला. पॉलिश पेपर द्या."

आणि त्या खुर्चीत बसून अर्धा तास त्यांनी ती पाटी घासली. एकेक अक्षर, आतून बाहेरून. चहा गार झाला. उठताना पदर झटकला आणि म्हणाल्या, "मी बघितली हे स्नेहलला बोलू नका."

म्हणजे आता गुपितं तीन!

काल मी आणि सासूबाई पाटी घेऊन हॉलवर गेलो. पाटीवर कापड. पाळणा सजलेला, बायकांनी पाळणा म्हटला. स्नेहलने शालनताईंच्या हातात चिठ्ठी दिली. शालनताईंनी ती उघडलीच नाही, तशीच कमरेला खोचली. स्नेहलचा चेहरा उतरला, तो मी बघितला.

शालनताई पाळण्यात वाकल्या. कानाशी तोंड नेलं. कुर्रर्र झालं आणि बायकांनी हौसेने त्यांच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. मीही घातले दोन. धपाटे घालून बायका दमल्या, हसून झालं, तरी बाई वाकलेल्याच. ओठ हलत होते, एवढं मला दिसलं. मग त्या सरळ झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इरा!"

टाळ्या. कापड निघालं. स्नेहल त्यांच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. "ताई, चिठ्ठी तर उघडली नाहीत, मग कळलं कसं?"

शालनताई म्हणाल्या, "आत्या आहे मी."

सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "काय गं, एवढंसं दोन अक्षरी नाव. ते कानात सांगायला इतका वेळ लागतो?"

निघताना शालनताई चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझी पाटी पॉलिश करून ठेवा. उद्या दुपारी नेते."

सकाळपासून तेच करतेय. वेलांटीला दुसरा हात देत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"आई, घ्या हो जरा. माझे हात पॉलिशचे आहेत."

"पावण्याचे साहेब आहेत," सासूबाई फोन छातीशी धरून म्हणाल्या. "काय सांगू?"

"सांगा, हातात काम आहे."